हेवर्डच्या भेगेवर: मामा आणि भाचीचा वाद

सॅन फ्रान्सिस्को उपसागराच्या पूर्व किनाऱ्यावर बर्कली, ओकलंड, सॅन लिअँड्रो, हेवर्ड, युनियन सिटी, फ्रीमाँट ही गावं अशी वाढत गेली, की आज एकाची शीव कुठे संपते आणि दुसऱ्याची कुठे सुरू होते ते कळत नाही. या सगळ्या वस्तीमधून, टेकड्यांच्या पायथ्याशी, हेवर्ड भ्रंश जातो. जमिनीतली ही भेग 21 ऑक्टोबर 1868 च्या सकाळी सरकली तेव्हा सुमारे तीस माणसं गेली आणि हेवर्ड गावातलं जवळजवळ प्रत्येक घर मोडलं. पुढे 1906 चा भूकंप होईपर्यंत इथले लोक 'मोठा भूकंप' म्हटलं की 1868 चाच समजत. त्या काळी इथे शेतं होती, विरळ गावं होती. आता भेगेच्या दोन्ही अंगांना लाखो माणसं राहतात.

फ्रीमाँट आणि युनियन सिटीत मराठी घरं पुष्कळ आहेत. वर्षातले काही महिने त्या घरांत भारतातून आलेले आई-वडील, सासू-सासरे, मामा-मावश्या असतात, आणि कधी ना कधी बोलणं भूकंपावर येतं. तिथे ऐकलेला वाद मी दोन कल्पित माणसांच्या तोंडी घालतो आहे. मामा लातूरचे, जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागातून निवृत्त झालेले, 1993 च्या किल्लारी भूकंपानंतरच्या पुनर्वसनात राबलेले. भाची फ्रीमाँटची, संगणकाच्या नोकरीतली, भेगेपासून चालत जाता येईल अशा अंतरावर घर घेतलेली. माणसं कल्पित असली तरी मतं खरी आहेत.

मामा: हा नकाशा कशाचा गं?

भाची: घराच्या कागदांतला आहे. इथे घर विकणाऱ्याला लेखी सांगावं लागतं, की ही जागा भूकंपाच्या भेगेच्या पट्ट्यात येते की नाही. 1971 मध्ये लॉस एंजेलिसजवळ सॅन फर्नांडोला भूकंप झाला, जमीन फाटली, भेगेवरची घरं तुटली. पुढच्याच वर्षी ऑल्क्विस्ट-प्रिओलो नावाचा कायदा झाला. राज्याच्या भूगर्भ खात्यानं भेगांचे नकाशे काढले, दोन्ही बाजूंनी पट्टे आखले. आता त्या पट्ट्यात बहुतेक नवी बांधकामं करायची तर आधी जमीन खणून भेग नेमकी कुठून जाते ते दाखवावं लागतं.

मामा: आणि हे वाचून तू सही केलीस?

भाची: केली. गठ्ठ्यातलं ते एक पान. शाळा चांगली, स्टेशन जवळ, हप्ता कसाबसा परवडणारा. गल्लीतल्या सगळ्यांनी केली तशी मीही केली.

मामा: मी तुला दोष देत नाही पोरी. उलट मला हेवा वाटतो. किल्लारीत कुणाच्या हातात असा कागद नव्हता. सरकारी नकाशात आमचा लातूर जिल्हा तेव्हा पहिल्या विभागात, म्हणजे सगळ्यात कमी धोक्याच्या. 1992 मध्ये तिथं धक्के बसले होते, लोकांनी ओरडही केली होती. पण नकाशा म्हणतो धोका नाही. मग 30 सप्टेंबर 1993, पहाटे 3 वाजून 56 मिनिटं. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी. माणसं विसर्जन करून दमून झोपलेली. आठ हजारांच्या आसपास माणसं गेली, काहीजण दहा हजार म्हणतात. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांतली गावंच्या गावं उठवून दुसरीकडं वसवावी लागली. आता तू सांग, तुमच्याकडचा मागचा मोठा भूकंप कुठला?

भाची: लोमा प्रिएटा. 17 ऑक्टोबर 1989, संध्याकाळी 5 वाजून 4 मिनिटं. तीव्रता 6.9.

मामा: आणि गेले किती?

भाची: 63.

मामा: बघ. किल्लारीचा 6.2 चा होता. तुमचा त्याहून कितीतरी मोठा, वस्ती दाट, आणि माणसं 63. मी तुझ्या घराच्या भिंतीला हात लावून बघितला. लाकडाची चौकट, वर पातळ तक्ते. वजनच नाही तिला. आमच्याकडं दोन-अडीच फूट जाडीच्या दगडमातीच्या भिंती, वर माळवद, आणि माळवदावर वर्षानुवर्षं चढत गेलेली माती. एवढं ओझं झोपलेल्या माणसावर आलं. तुमच्याकडं नियम आहेत, तपासणारी माणसं आहेत. तू उगीच भेतीस. गॅरेजमधे पाण्याचे पिंप काय, डबे काय, शिट्ट्या काय! ते सगळं मनाच्या समाधानासाठी. खरी तयारी भिंतीत असते, आणि ती तुमची झालेली आहे.

मामांचं म्हणणं वरवरचं नाही. ज्यांनी किल्लारी, सास्तूर, मंगरूळ पाहिलं, त्यांना कॅलिफोर्नियाचं लाकडी घर पाहून हायसं वाटतंच. मिशन सॅन होजे हे आता फ्रीमाँटचाच एक भाग झालेलं गाव. तिथलं 1809 चं चर्च मातीच्या कच्च्या विटांचं, जाडजूड भिंतींचं होतं. 1868 च्या भूकंपात ते कोसळलं. आज तिथे उभं असलेलं चर्च त्याची 1980 च्या दशकात बांधलेली प्रतिकृती आहे. म्हणजे जड मातीच्या भिंतींचा धडा या गावाला किल्लारीच्या सव्वाशे वर्षं आधी मिळाला होता, आणि तो इथल्या बांधकामात उतरला. एवढं मामांच्या बाजूने पूर्ण खरं.

भाची: मामा, 63 हा आकडा जरा उलगडून बघा. त्यातली 42 माणसं एकाच जागी गेली. ओकलंडमधला सायप्रस नावाचा दुमजली महामार्ग. वरचा मजला खालच्या गाड्यांवर बसला. त्या संध्याकाळी बेसबॉलच्या अंतिम मालिकेचा सामना होता, दोन्ही संघ याच भागातले, म्हणून लोक लवकर घरी गेले होते. एरवी त्या वेळी तो रस्ता गाड्यांनी भरलेला असतो. आणि मुख्य म्हणजे तो भूकंप आमच्या भेगेवर झालाच नव्हता. त्याचं केंद्र सांताक्रूझच्या डोंगरात, ओकलंडपासून ऐंशी-नव्वद किलोमीटर लांब. हेवर्डची भेग तर आमच्या पायाखाली आहे.

मामा: पण ती म्हणे हळूहळू सरकतच असते. तुझा नवराच सांगत होता. मग जोर निघून जात असंल की.

भाची: सगळ्यांना तसंच वाटतं. पृष्ठभागावर ती वर्षाला साधारण 5 मिलिमीटर सरकते, हे खरं. पण दोन्ही बाजूंना वर्षाला साधारण 9 मिलिमीटर सरकायचं असतं. खोलवर, काही किलोमीटर खाली, ती अडकून बसलेली आहे. म्हणजे व्याजातलं थोडं फेडतोय आणि मुद्दल वाढतंय. फ्रीमाँट स्टेशनाजवळ टायसन तलाव म्हणून जागा आहे. तिथे शास्त्रज्ञांनी खंदक खणून गाळाचे थर वाचले. गेल्या सुमारे 1900 वर्षांत 12 मोठे भूकंप सापडले. शेवटच्या काहींमधलं सरासरी अंतर 140 वर्षांच्या आसपास.

मामा: 1868 मधे 140 मिळवले की 2008 झाले.

भाची: हो. पण सरासरी म्हणजे तारीख नव्हे. दोन भूकंपांत कधी शंभरहून कमी वर्षं गेली आहेत, कधी कितीतरी जास्त. म्हणून अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्यानं शक्यतेच्या भाषेत सांगितलं आहे. 2014 ते 2043 या तीस वर्षांत या भागात 6.7 किंवा त्याहून मोठा भूकंप होण्याची शक्यता 72 टक्के. त्यात एकट्या हेवर्ड आणि तिला उत्तरेला जोडलेल्या रॉजर्स क्रीक भेगेचा वाटा 33 टक्के, सगळ्यांत जास्त.

हेवर्ड गावात रोझ आणि प्रॉस्पेक्ट या रस्त्यांच्या कोपऱ्यावर फुटपाथची कड भेगेबरोबर सरकत गेली होती. एक सरळ रेघ मधेच तुटून बाजूला गेलेली. भूगर्भशास्त्रज्ञ कित्येक वर्षं तिथे येऊन त्याच कोनातून फोटो काढत, विद्यार्थ्यांना दाखवत. 2016 मध्ये नगरपालिकेच्या माणसांनी ती कड काढून चाकाच्या खुर्चीसाठी उतार बांधला. उतार गरजेचाच होता. पण त्या कडेला काय किंमत आहे हे शहराच्या संबंधित लोकांना ठाऊकच नव्हतं. मला ही गोष्ट फार बोलकी वाटते. या भागात भूकंपाची माहिती विद्यापीठात आहे, नकाशात आहे, घराच्या कागदांत आहे. एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाताना मात्र ती गळून पडते. बर्कली विद्यापीठाने आपलं फुटबॉलचं मैदान, जे थेट भेगेवर बसलेलं आहे, पुन्हा बांधताना खालची जमीन सरकेल हे गृहीत धरून त्याचे भाग सुटे ठेवले. ते 2012 मध्ये पुन्हा उघडलं. एवढं ज्ञान आणि पैसा असलेल्या ठिकाणापासून थोड्याच अंतरावर जुन्या भाड्याच्या इमारतींत राहणाऱ्या माणसाला आपल्या इमारतीबद्दल काहीच माहीत नसतं.

मामा: बरं, होणार हे धरून चालू. झाला तरी तुमची घरं टिकणार, हे तू खोडून काढलं नाहीस.

भाची: खोडायचं ते हेच. तुम्ही इंजिनिअर आहात, तुम्हाला पटेल. नियमांचा हेतू काय असतो? माणूस इमारतीतून जिवंत बाहेर पडावा. ती इमारत नंतर राहण्याजोगी उरावी, अशी हमी साध्या घराच्या किंवा ऑफिसच्या नियमात नाही. शाळांसाठी 1933 च्या लाँग बीच भूकंपानंतर वेगळा कडक कायदा झाला. दवाखाने भूकंपानंतरही चालू राहिले पाहिजेत, असा कायदा सॅन फर्नांडोनंतर आला. घरांसाठी तसं काही नाही. त्याच भूगर्भ सर्वेक्षण खात्यानं हेवर्ड भेगेवरच्या 7 तीव्रतेच्या भूकंपाचा सविस्तर अंदाज मांडला आहे, त्याला 'हेवायर्ड' म्हणतात. त्यातलं एक गणित असं, की समजा इथली प्रत्येक इमारत आजच्या नियमांप्रमाणे बांधलेली असती, तरी भूकंपानंतर जवळजवळ पाव इमारतींत राहायला बंदी किंवा वापरावर मर्यादा आली असती.

मामा: पाव?

भाची: पडलेल्या फार थोड्या. बाकीच्यांच्या दारावर लाल किंवा पिवळा कागद. आणि सगळ्या इमारती आजच्या नियमांच्या आहेत कुठे? प्रत्यक्षात जुन्या धरून जो अंदाज काढला त्यात 800 मृत्यू, 18,000 जखमी. चारशेच्या वर आगी. लिफ्टमधे अडकलेले हजारो. पूर्व किनाऱ्याच्या काही भागांत नळाला पाणी यायला सहा महिने. मामा, सहा महिने! मला भिंत पडेल याची भीती फारशी नाही. भिंत उभी असेल, दारावर कागद असेल, नळ कोरडा असेल, आणि हप्ता चालू असेल, त्याची आहे.

मामा: विमा असंल की.

भाची: घराचा विमा आहे, बँकेची अटच असते. पण त्यात भूकंप येत नाही. भूकंपानंतर आग लागली तर ती येते, हादऱ्याचं नुकसान येत नाही. त्याला वेगळा विमा, आणि तो बँक मागत नाही. 1994 ला लॉस एंजेलिसच्या नॉर्थरिजला भूकंप झाला तेव्हा कंपन्यांना इतका फटका बसला, की त्या कॅलिफोर्नियात घराचा विमा विकायलाच तयार होईनात. मग 1996 मध्ये राज्यानं भूकंप विम्यासाठी वेगळी संस्था उभी केली. तरी आठ-दहा घरांमागे एखाद्याकडेच तो असतो. कारण पहिला मोठा वाटा आपण सोसायचा असतो. 15 टक्क्यांचा प्रकार घेतला आणि घर बांधायचा खर्च आठ लाख डॉलर धरला, तर एक लाख वीस हजार डॉलर आधी आपल्या खिशातून जातात.

मामा: मग घेतलास का नाही?

भाची: घेतला. आणि त्याआधी घराचा सांगाडा पायाला बांधून घेतला. 1980 च्या आधीची पुष्कळ घरं पायावर नुसती टेकवलेली असतात. जमीन हलली की घर पायावरून घसरतं. बोल्ट मारायचे, पाया आणि तळमजला यांच्यामधल्या आखूड भिंतींना प्लायवूड ठोकायचं. काही भागांतल्या जुन्या घरांना त्यासाठी राज्याकडून 3000 डॉलरपर्यंत मदतही मिळते.

मामा: हे मला पटलं. हीच ती भिंतीतली तयारी. आम्हीपण किल्लारीच्या आसपासच्या, न पडलेल्या गावांतल्या घरांना हेच करायचो. कोपऱ्यांना सळया, भिंतीत आरपार जाणारे दगड, खिडकी-दाराच्या वर सगळ्या भिंतींना मिळून एक सलग पट्टा, माळवदावरची माती कमी करणं. साधी कामं. पण लोकांना पटवायला जीव गेला. ज्याचं घर पडलं नव्हतं तो म्हणायचा, माझं चांगलं आहे, पैसे द्या, मी खोली वाढवतो.

इथून पुढे दोघांचा सूर बदलतो. मला स्वतःला जो प्रश्न सर्वांत महत्त्वाचा वाटतो तोही इथेच येतो: धक्का बसेल त्या अर्ध्या मिनिटात माणूस काय करील?

मामा: धक्का बसला तर मी तर बाहेर पळणार. आमच्याकडं जे अंगणात झोपले होते ते वाचले.

भाची: म्हणूनच मला तुमची काळजी वाटते. इथे पळायचं नाही मामा. गुडघ्यावर बसायचं, टेबलाखाली जायचं, टेबलाचा पाय धरून ठेवायचा. हादरे थांबेपर्यंत हलायचं नाही.

मामा: घरात? वर छप्पर असताना?

भाची: हे छप्पर हलकं आहे, तुम्हीच म्हणालात. लाकडी चौकट वाकते, करकरते, सहसा बसत नाही. माणसं जखमी होतात ती पळताना पडून, काचांवर पाय पडून, कपाटं आणि टीव्ही अंगावर येऊन. दारातून बाहेर पडलात तर वरची चिमणी कोसळू शकते. इथल्या जुन्या घरांना विटांच्या चिमण्या आहेत, आणि पहिल्यांदा त्याच पडतात.

मामा: म्हणजे घर बघून ठरवायचं.

भाची: हो. किल्लारीच्या घरात तुमचं बरोबर, या घरात माझं. आणि दिवसभर मी ऑफिसात, मुलं शाळेत. घरी तुम्ही आणि मामी. फोनवर इशारा येईल असं म्हणाल, तर 2019 पासून कॅलिफोर्नियात ती सोय आहे, पण ती लांबच्या भूकंपाला कामाची. भेग पायाखालचीच असेल तर हादरा इशाऱ्याच्या आधी किंवा बरोबरच येतो. त्यामुळे तुम्हाला आधीच माहीत पाहिजे.

मामा: गॅसचं काय करायचं?

भाची: गॅसचा मुख्य खटका बाहेरच्या भिंतीला आहे, शेजारी पाना बांधून ठेवला आहे. वास आला किंवा फुसफुस ऐकू आली तरच बंद करायचा. एकदा बंद केला की गॅस कंपनीचा माणूस आल्याशिवाय परत उघडायचा नाही, आणि तो यायला आठवडे लागतील. पाणी तापवायची टाकी पट्ट्यांनी भिंतीला आवळली आहे, इथे तो कायदाच आहे. नळ बंद पडला तर तिच्यातलं पाणी प्यायला वापरता येतं. गॅरेजमधले पिंप तुम्हाला आवडत नाहीत, पण माणशी दिवसाला चार लिटर धरलं तर आपल्या सहाजणांना दोन आठवड्यांना किती लागेल ते करा.

मामा: सहा चोक चोवीस, चौदा दिवसांचे... तीनशे छत्तीस लिटर.

भाची: पिंपांत त्याच्या निम्मंही नाही.

मामा: बरं, पिंपांबद्दलचं माझं म्हणणं मी मागं घेतो. पण तुला एक विचारू? शेजारच्या घरात कोण राहतं?

भाची: एक वयस्क फिलिपिनो बाई. पलीकडे पंजाबी कुटुंब. समोर नवीन आलेत, त्यांना अजून भेटले नाही.

मामा: त्या बाईंचा गॅसचा खटका कुठं आहे?

भाची: माहीत नाही.

मामा: त्यांच्याकडं पाना आहे?

भाची: नाही माहीत मामा.

मामा: मग हे बघ. तू तयारी केलीस ती चांगली केलीस, पण सगळी विकत आणलीस. पिंप, पाना, विमा, बोल्ट. सगळं तुझ्या कुंपणाच्या आत. किल्लारीत पहिल्या दिवशी ढिगाऱ्यातून माणसं कोणी काढली? लष्कर आलं, सगळी मदत आली, पण पहिल्या तासांत गावानंच गावाला काढलं. पुनर्वसनातही, घरं मजबूत करायचं काम तेव्हाच हललं, जेव्हा गावागावांत बायकांना 'संवाद सहायक' म्हणून नेमलं. त्या घरोघर जायच्या, भिंत बघायच्या, सरकारी माणसाला अडवून विचारायच्या. आम्हा इंजिनिअर लोकांना आधी राग यायचा. नंतर कळलं, की कुठलं घर धोक्याचं, कुठल्या घरात म्हातारं माणूस एकटं, हे आमच्या नोंदवहीत नव्हतं. त्यांना तोंडपाठ होतं.

भाची: इथेही तसं घडलं आहे. 1989 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या मरीना भागात आग लागली. भराव घातलेली जमीन, हादऱ्यानं पाण्याच्या वाहिन्या फुटल्या, अग्निशमन दलाच्या नळांना पाणी नाही. मग 'फिनिक्स' नावाची आग विझवायची बोट किनाऱ्याला लागली आणि उपसागराचं पाणी उपसायला लागली. पाण्याचे ते जड पाइप रस्त्यांवरून ओढायला साधी माणसं पुढे आली. त्यानंतर तिथल्या अग्निशमन दलानं रहिवाशांना शिकवायचे वर्ग सुरू केले. आमच्या शहरातही तसे आपत्कालीन पथकाचे वर्ग होतात. फुकट.

मामा: केलास का तू?

भाची: करते. या वर्षी करते.

मामा: आणि जे भाड्यानं राहतात त्यांचं काय? स्टेशनाकडं जाताना तू दाखवलीस ती जुनी इमारत, खाली गाड्या, वर घरं. नुसत्या बारीक खांबांवर. 2001 ला गुजरातमधे मी हेच बघितलं. केंद्र भुजजवळ, अहमदाबाद तिथून दोनशे किलोमीटरहून लांब, तरी खाली पार्किंग सोडलेल्या इमारती तिथं बसल्या. आणि आजही आपल्याकडं पुण्यात, लातुरात, सगळीकडं खाली पार्किंगच सोडायलेत.

भाची: नॉर्थरिजलाही तेच. एका अपार्टमेंटच्या तळमजल्यावर 16 माणसं गेली, वरचे मजले खालच्यावर बसले. त्यानंतर शहरांनी कायदे केले, पण प्रत्येकानं आपापल्या सवडीनं. सॅन फ्रान्सिस्कोनं 2013 मध्ये, ओकलंडनं 2019 मध्ये. लॉस एंजेलिसनं 2015 मध्ये अशा लाकडी इमारतींना सात वर्षांची मुदत दिली, आणि जुन्या काँक्रीटच्या इमारतींना पंचवीस वर्षांची.

मामा: पंचवीस? भूकंप थांबणार आहे का पंचवीस वर्षं?

भाची: खर्च फार येतो. आणि तो शेवटी भाडेकरूवर येतो. सॅन फ्रान्सिस्कोत सक्तीच्या मजबुतीकरणाचा सगळा खर्च मालकाला हप्त्यानं भाड्यात घालता येतो.

मामा: मग ज्याच्याकडं स्वतःचं घर नाही, तो दुसऱ्याच्या इमारतीला बळकट करायचे पैसे भरणार. हे मला पटत नाही. आमच्याकडं घरमालकाला मदत सरकारनं दिली, जागतिक बँकेचं कर्ज काढून दिली. त्यात घोळ झाले, उशीर झाले, मला सगळं माहीत आहे. पण पैसा वरून आला. तू तुझ्या घराला बोल्ट मारलेस, विमा घेतलास, कारण तुला झेपलं. त्या इमारतीत जे राहतात त्यांना कायदाच वाचवणार. माझा मूळ मुद्दा मी सोडत नाही.

मला विचाराल, तर घर उभं राहिलं म्हणजे शहर वाचलं, हा मामांचा पहिला समज चुकीचा आहे आणि भाचीने तो योग्य खोडला आहे. नियमांवर विसंबून झोपणाऱ्या प्रत्येक घरमालकाने 'जीव वाचेल' आणि 'घर वापरता येईल' यांतला फरक समजून घेतला पाहिजे. हप्ते भरणाऱ्या हजारो मराठी कुटुंबांना तो माहीत नाही, आणि घर विकणारा तो सांगत नाही. पण वाद पुढे गेल्यावर मामांनी जे दोन मुद्दे मांडले ते मला भाचीच्या सगळ्या तयारीपेक्षा वजनदार वाटतात. एक म्हणजे शेजार. दुसरा म्हणजे भाड्याच्या जुन्या इमारती. या इमारतींत आपलीच माणसं राहतात. नुकतीच भारतातून आलेली जोडपी, शिकणारी मुलं. घर शोधताना ती वायफाय आणि पार्किंग विचारतात, इमारत कोणत्या वर्षाची आणि तिचं मजबुतीकरण झालं का हे विचारत नाहीत. ते विचारायला हवं. आणि मजबुतीकरणाचा खर्च एकट्या भाडेकरूवर टाकण्याऐवजी त्यात राज्याने वाटा उचलावा, अशी मागणी आपल्यासारख्या मत देऊ शकणाऱ्या, घर असलेल्या लोकांनी केली पाहिजे.

भाची: शेवटचं एक काम तुम्हाला देते मामा. भूकंपात इथलेच फोन एकमेकांना लागत नाहीत, सगळे एकदम लावतात. लांबचा संदेश त्या मानानं जातो. म्हणून घरातल्या सगळ्यांनी बाहेरगावच्या एकाच माणसाला कळवायचं, की मी ठीक आहे, अमुक ठिकाणी आहे. तुम्ही लातूरला परत गेलात की तो माणूस तुम्ही.

मामा: मुलांना माझा नंबर पाठ आहे?

भाची: नाही. फोनमधे आहे.

मामा: पाठ करून घे. आणि त्या फिलिपिनो बाईंनापण देऊन ठेव.

फ्रीमाँट, युनियन सिटी, हेवर्ड, सॅन होजे इथल्या मराठी वाचकांना माझी विनंती आहे. घर 1980 च्या आधीचं असेल तर ते पायाला बांधलेलं आहे का, हे या महिन्यात पाहून घ्या. भाड्याने राहत असाल तर मालकाला लेखी विचारा. महाराष्ट्र मंडळांनी गणेशोत्सवाच्या मंडपात एक टेबल अग्निशमन दलाच्या प्रशिक्षकांना द्यावं, आणि वर्गासाठी तिथेच नावं लिहून घ्यावीत. दर वर्षी ऑक्टोबरच्या तिसऱ्या गुरुवारी कॅलिफोर्नियात भूकंपाचा सराव असतो. शाळा आणि कचेऱ्या त्यात भाग घेतात, दिवसभर घरी असणारी वडीलधारी माणसं त्यातून सुटतात. त्या दिवशी घरी थोडं उशिरापर्यंत थांबा, आणि आई-वडिलांना, मामा-मामींना टेबलाखाली बसून टेबलाचा पाय धरायला प्रत्यक्ष शिकवा. गुडघे दुखत असतील तर पलंगावरच पालथं होऊन उशीने डोकं झाकायला शिकवा.